बॅरलाची मोट

विहीर गळ्यापर्यंत भरली होती आणि गहू वाळत होता. असलं इपरीत सारजाबाईनं उभ्या जन्मात बघितलं नव्हतं.

गेल्या साली सगळं उलटं होतं. विहिरीच्या तळाला चिखलसुद्धा उरला नव्हता आणि रानात वाळायलाही काही नव्हतं. सगळं घर दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. तेव्हा ती रोज वर बघून म्हणायची, पाणी दे बाबा. त्यानं दिलं. आडवातिडवा पाऊस झाला, ओढे फुटले, विहिरी वर आल्या. आता काय मागावं तेच तिला कळेना. इंजिनाला डिझेल कुठल्या देवाकडं मागायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दिवस कलला तसा पाणंदीतून सायकलचा आवाज आला. तिचा पोरगा हिंदुराव पहाटे चांदणी असताना पंढरपूरच्या पंपावर गेला होता. मिळालं का रं, असं विचारायची गरज पडली नाही. कॅरिअरला बांधलेला डबा खडखडत होता. भरला डबा खडखडत नाही.

हिंदुरावनं सायकल बाभळीला टेकवली आणि तो मटकन खाली बसला. सदऱ्याचा खिसा फाटून लोंबत होता. वरचा ओठ सुजला होता.

"कुणी मारलं रं?"

"मारलं न्हाय कुणी. रांगेत ढकलाढकली झाली. डबा लागला, माजाच."

त्याच्या बायकोनं, मुक्ताबाईनं, तांब्या आणून दिला. त्यानं चूळ भरली, लाल पाणी थुंकलं.

"परमिट हाय की तुज्यापाशी," सारजाबाई म्हणाली. "मामलेदाराचा शिक्का हाय त्याच्यावर."

"परमिट हाय. तेल न्हाय. पंपावाला म्हणतो, परमिटच घाला इंजिनात."

"आसं कसं? सरकारनंच जीप फिरवली न्हवं गावात? इंजिन घ्या, इंजिन घ्या म्हणून?"

"त्या वक्ताला तेल होतं आये. आता अरबांनी आडवलंय. तिकडं कुणाची तरी लढाई झाली. त्यात जे दुश्मनाच्या बाजूचे, त्यास्नी तेल बंद. आन बाकीच्यास्नी चौपट भाव. आपल्या सरकारला तेवढा झेपंना. मग जेवढं येतंय त्यातलं आदी मिलिटरीला, मग रेल्वेला, मग एष्टीला."

"आपून कुणाच्या बाजूनं होतो?"

"कुणाच्याच न्हाय."

"मग आपल्या गव्हानं काय केलंय त्यांचं?"

हिंदुरावनं बाभळीला पाठ टेकली. तो विहिरीकडं बघत राहिला. काठावर हिरवं इंजिन गोणपाट पांघरून बसलं होतं. त्याच्या शेजारी डिझेलचं मोठं बॅरल. बऱ्या दिवसांत त्यानं ते बॅरलच्या बॅरल भरून आणलं होतं, बैलगाडीतून, गुलाल टाकून. आता वारा आला की ते आतून घुमायचं.

"गहू गेला तर मी सोलापूरला जातो," तो शेवटी म्हणाला. "सिद्धनाथ म्हणत होता, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर माणसं घ्यायलेत. मुक्तीला बी नेतो. तितं तिला कांड्या भराया काम मिळंल."

सिद्धनाथ म्हणजे मुक्ताबाईचा भाऊ. मुक्ताबाई खाली मान घालून तांब्याचं बूड पदरानं पुसत राहिली. 

"आन मी?" सारजाबाईनं विचारलं.

"तू बी चल की."

सारजाबाई उठून गव्हात गेली. तिला कुणी हाताला धरून सोलापूरला नेलं असतं तर तिथं तिनं काय केलं असतं? चाळीस वर्षं तिनं एकच काम केलं होतं. मोटेचं पाणी पाटातून आलं की खोरं मारून एक वाफा फोडायचा, दुसरा बांधायचा. पायाच्या बोटांची नखं पाण्यानं गेली होती. तिनं एक ओंबी चिमटीत धरून दाबली. पांढरा चीक आला, पण पातळ, ताकासारखा. हीच वेळ पाण्याची. आता पाणी चुकलं तर दाणा पोटातच चिमून जाणार. हा बुटका गहू. बी मेक्सिकोचं आहे, पाणी भरपूर लागतं, असं ग्रामसेवकानं बजावून सांगितलं होतं. जुना गहू असता तर थंडीवर, दहिवरावर कसाबसा निभावला असता. याला तशी सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिघांनी घागरींनी पाणी घालून बघितलं. विहिरीच्या पायऱ्या उतरायच्या, घागर भरायची, वर आणून पाटात ओतायची. पाट कोरडा होता. तो अर्धं पाणी स्वतःच पिऊन टाकी. दुपारपर्यंत मुक्ताबाईचा खांदा धरला, आणि भिजले किती, तर विहिरीजवळचे चार वाफे. सारजाबाई घागर खाली ठेवून म्हणाली, "ही तर म्हशीला वाटीनं पाणी पाजायची गत झाली."

रात्री भाकरी खाताना हिंदुराव घोटभर पाणी प्याला आणि चाचरत म्हणाला, "आये, करडईचं तेल किती हाय घरात?"

"का रं?"

"रांगेत एकजण म्हणत होता, ह्या इंजिनाला कसलं बी तेल चालतंय. करडीचं बी. त्यानं म्हणं केलंय."

"खायाचं त्याल?"

"गाळून घालायचं. सुरवात डिझेलनं करायची. डब्याच्या तळाला वाटीभर हाय माज्यापाशी."

कोनाड्याखाली मातीचा बुधला होता. दुष्काळी कामाच्या मजुरीतून घेतलेल्या करडईचं, घाण्यावरून काढून आणलेलं, वर्षाचं तेल. त्यातूनच फोडणी, त्यातूनच दिवा, त्यातूनच डोक्याला. हिंदुरावला वाटलं होतं, आई अंगावर येईल. पण सारजाबाईच्या डोळ्यांसमोर तो पातळ चीक होता. तिनं स्वतः उठून बुधल्याचं फडकं सोडलं.

"ने," ती म्हणाली. "गहू आला तर त्याल कुटूनबी येतंय."

मुक्ताबाईनं तेवढं एक केलं. सासूची पाठ वळलेली बघून दिव्यापुरतं पळीभर तेल वाटीत काढून ठेवलं.

सकाळी हिंदुरावनं हँडल मारलं. इंजिन खोकलं, थुंकलं, आणि चालू झालं. पाईपातून पाणी धबाधबा पडायला लागलं तसा त्यानं टॉवेल हवेत उडवला. सारजाबाई खोरं घेऊन धावली. वाफे पिऊ लागले. मग धूर निघाला. पांढरा, दाट, आणि त्याला वास असा की सगळ्या शिवारात तळण चालल्यासारखं वाटावं. बांधावरून जाणारा कोंडीबा थांबला. नाक वर करून म्हणाला, "हिंदुराव, भजी कुणाच्या लग्नाची गा? आमास्नी आवतान न्हाय?"

पलीकडून कुणीतरी ओरडलं, "कांद्याची हाईत का बटाट्याची?"

हिंदुरावही हसला. हसायला जागा होती, पाणी चाललं होतं. पण ऊन चढायच्या आत इंजिनाचा आवाज बसला. आधी दम लागल्यासारखा, मग उचकी लागल्यासारखा, आणि मग एकदा मोठ्यानं खाकरून ते गप्प झालं. त्यानं हँडल मारमार मारलं. हाताला फोड आले. नळ्या सोडल्या, तर आत काळा चिकट राळेसारखा साका. करकंबचा मिस्त्री संध्याकाळी येऊन बघून गेला. म्हणाला, सगळं खोलून धुवावं लागेल, आणि धुवायलाही डिझेलच लागेल.

त्या दिवशी आमटीला फोडणी नव्हती. 

जेवण झाल्यावर सारजाबाई म्हणाली, "मोट लावू."

हिंदुरावनं मान वर केली. त्याच्यासमोर मोटेचं नाव इंजिन आल्यापासून निघालं नव्हतं. मोट ओढताना बैल जिथून मागंपुढं करायचे, त्या उतरत्या धावेवर आता गवत होतं. दगडी थारोळं, ज्यात मोट ओतायची, ते मुक्ताबाईचं धुणं धुवायचं ठिकाण झालं होतं. चाक कोंबड्यांच्या खुराड्यावर दडपण म्हणून पडलं होतं. मोटेचा दोर, नाडा, तेवढा आढ्याला गुंडाळून होता.

"मोट कुटं हाय पन?" त्यानं विचारलं. "माळ्यावर हुती."

सारजाबाईनं पाय पुढं केले. पायात जाड, काळ्या चामड्याच्या वहाणा होत्या. मग मुक्ताबाईनंही आपले पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

गेल्या साली, चैत्रात, खडीच्या कामावर दगड तव्यासारखे तापायचे. मुक्ताबाईच्या तळव्यांना फोड येऊन ते फुटले तेव्हा सारजाबाईनंच माळ्यावरची मोट खाली काढून कापायला दिली होती. इंजिन आहे, मोट कशाला लागते आता, असं म्हणून. हिंदुरावला न सांगताच सासू-सुनेला वहाणा झाल्या. उरल्या चामड्यात शेजारच्या दोघींनाही झाल्या.

"ही बघ तुजी मोट," सारजाबाई म्हणाली. "आता पायात हाय. हिच्यात पाणी ऱ्हात न्हाय."

हिंदुरावला हसू आलं आणि त्याच्या सुजल्या ओठातून पुन्हा रक्त आलं.

तेवढ्यात बाहेर वारा सुटला आणि विहिरीवर बॅरल घुमलं. तिघांनीही ते ऐकलं. पण बोलली मुक्ताबाई. एरवी ती सासूपुढं फारशी बोलायची नाही.

"आत्याबाई, त्याच्यात बी पाणी ऱ्हातंय की."

सकाळी हिंदुरावनं बॅरल गडगडवत धोंडप्पा लोहाराकडं नेलं. धोंडप्पानं ते उभं केलं, आडवं केलं, आत डोकं घालून वास घेतला. मग भट्टीपासून लांब नेऊन ठेवलं.

"इस्तू लावणार न्हाय ह्याला," तो म्हणाला. "आत त्याल मुरलंय. ठिणगी पडली तर बॅरल तुज्या रानात आन मी देवाच्या दारात. छिन्नीनं कापतो. येळ लागंल."

छिन्नी चालली दिवसभर. वरचा तिसरा हिस्सा कापून टाकला, कारण भरलेलं अख्खं बॅरल दोन बैलांच्या बापाला ओढवलं नसतं. काठ ठोकून आत वळवला. दोन्ही अंगांना कड्या बसवल्या. बुडाला भोक पाडून पत्र्याचा गळा रिबिटांनी मारला. आता सोंड पाहिजे होती. मोट वर आली की पाणी सोंडेतून थारोळ्यात पडायचं. चामड्याच्या मोटेला चामड्याची सोंड असते.

"ट्रकची टूब असली तर आण," धोंडप्पा म्हणाला. "तारेनं आवळून देतो. नबीसाबाच्या हितं आसंल बघ एकादी. गाडीतलं गवत बांधायला ठेवतोय त्यो."

नबीसाबाचं नाव निघालं आणि हिंदुरावचं तोंड उतरलं.

नबीसाब म्हणजे याच विहिरीवरचा मोटकरी. हिंदुरावचा बाप जोतीराम होता तोवर वीस वर्षं नबीसाबानं या धावेवर मोट हाकली. पिकात त्याचा वाटा होता. जोतीराम गेला, दुसऱ्या साली इंजिन आलं, आणि हिंदुरावनं विहिरीवर सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "चाचा, आता तुमी आन बैल दोघंबी पेन्शनीत." लोक हसले होते. नबीसाबही हसला होता. मग मोटेची बैलजोडी त्यानंच विकत घेतली, गाडीला जुंपली आणि करकंबच्या बाजारात भाडं मारायला लागला. त्यानंतर या वस्तीची पायरी तो चढला नाही. दुष्काळात जोडीतला एक बैल मेला तेव्हाही यांच्यापैकी कुणी गेलं नव्हतं.

"बैल बी त्याच्याकडंच हाय," घरी हे ऐकून सारजाबाई म्हणाली. "मोटेला शिकलेला हरण्या. आपल्याकडं हाय का एक तरी शेपूट? चल, मी येते."

बाजाराचा दिवस होता. करकंबच्या पेठेत कधी नव्हत्या एवढ्या बैलगाड्या उभ्या होत्या. ट्रक डिझेलवाचून अडले होते, त्यामुळं कांद्याची पोती, गूळ, पेंड सगळं गाड्यांवर चाललं होतं. नबीसाब आपल्या गाडीच्या जुवावर बसून चहा पीत होता. दाढी पांढरी झाली होती. त्याच्याभोवती तिघेचौघे गाडीवान.

त्यांतला एक म्हणत होता, "नबीभाई, तुमच्या मक्केवाल्यास्नी एक पत्तुर टाका की. म्हणावं तेल सोडा."

"मला कोन वळखतंय तितं?" नबीसाब म्हणाला. "मी सोलापूरचा उरूस सोडून कायबी बघितलेलं न्हाय. आन सोडतील तवा सोडतील, का गडबड करतोस? तू बी म्या बी चार दिस पोटभर खायलोय. दिल्लीत पुढारी बैलगाडीत बसून लोकसभेत गेला म्हणं, पेपरात आलंय. गाडीवानाला एवढा मान कदी हुता?"

मग त्याची नजर सारजाबाईवर गेली. त्यानं कपबशी खाली ठेवली आणि तो उभा राहिला.

"वैनी? हिकडं कुटं?"

सारजाबाईनं आडवळण घेतलं नाही. "नबीभाई, गहू चिकात हाय. इंजिन बसलंय. मोट लावायची हाय. बैल पायजे आन तुमी पायजे."

"मोट कापून वाणा केल्या न्हवं तुमी?"

गावात काही लपत नाही. "बॅरलाची केलीया," ती म्हणाली. "सोंडंला टूब पायजे. ती बी तुमच्याकडंच हाय."

गाडीवान हसले. नबीसाब हसला नाही. त्यानं हिंदुरावकडं बघितलं. "आन ह्यो काय म्हणतोय? तोंड हाय का ह्याला?"

हिंदुरावच्या कपाळाला घाम आला होता. माघाच्या थंडीत. "चाचा," तो म्हणाला, "पेन्शनीतनं परत या."

कुणीतरी खिक्कन हसलं. नबीसाब जुवाला टेकला. मग म्हणाला, "हे बघ हिंदू. तुला इंजिन घ्यायला सरकारनं कर्ज दिलं. मला कुणी इचारलं न्हाय, का रं बाबा तू आता काय खाणार. बरं, ते जाऊ दे. आता तेल आडलंय म्हणून माजी गाडी चालाय लागलीया. ही टंचाई म्हंजे माजा हंगाम हाय. तुज्या मोटेला बैल लावला तर माजं भाडं बुडतंय. बरुबर?"

"बरुबर."

"मग सकाळी तांबडं फुटल्यापासनं ऊन चढंस्तवर बैल तुजे, मी तुजा. तितनं पुढं तू माजा. हितं पेठेत यायचं, माज्या गाडीतली पोती पाठीवर घ्यायची, उतरायची, भरायची. बैल दमलेला आसंल, निदान हमाल तरी ताजा पायजे."

हिंदुरावनं पेठेकडं बघितलं. याच पेठेतून त्यानं गुलाल टाकून इंजिन नेलं होतं. समोर हॉटेलात त्याच्या ओळखीचे चौघे बसले होते.

"कबूल," तो म्हणाला.

"आन वैनी, टुबंचं काय नगं."

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. धोंडप्पानं टूब आवळून दिलेलं बॅरल राखेनं, चुन्यानं घासून धुतलं होतं, तरी हात लावला की डिझेलचा वास यायचा. हिंदुरावनं धावेवरचं गवत काढलं, चाक बसवलं, कण्याला वंगण नव्हतं म्हणून मुक्ताबाईनं ते पळीभर राखून ठेवलेलं तेल आणून दिलं. सारजाबाईनं सुनेकडं बघितलं. मुक्ताबाई दुसरीकडं बघू लागली.

नबीसाबानं हरण्याला जुंपलं. हरण्या आता वयस्क झाला होता, शिंगांना बाजारातला लाल रंग. दुसरा बैल गुलब्या, गाडीचा, तरणा. बॅरल खाली गेलं, गडगडलं, बुडबुडलं, भरलं. नबीसाब नाड्यावर बसला, त्यानं आवाज दिला, आणि जोडी धावेवरून खाली उतरत गेली. नाडा ताणला, चाक कुरकुरलं, आणि धुक्यातून ते काळं बॅरल पाणी सांडत वर आलं. सोंड थारोळ्यात लोळली आणि पाणी धो धो सुटलं.

सारजाबाई पाटाच्या तोंडाशी होती. पाण्यावर मोराच्या पिसासारखे रंग तरंगत होते. "थांबा गं बाई," ती ओरडली, आणि ते पहिलं पाणी तिनं बांधाकडं वळवून दिलं.

पण खरी अडचण पुढंच होती. खाली उतरलेल्या जोडीनं आता पाठीनं वर यायचं असतं, मागं मागं, धावेच्या टोकापर्यंत. गुलब्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. गाडीच्या बैलाला मागं जाणं म्हणजे शिक्षा वाटते. तो फतकल मारून बसला. उठवला तर आडवा झाला. हरण्या एक पाय मागं टाकायचा आणि जू वाकडं व्हायचं. नबीसाब उतरला, लंगडत पुढं आला. त्याचा गुडघा थंडीत धरायचा. त्यानं चुचकारलं, थोपटलं. वीस वर्षं म्हटलेली मोटेवरची गाणी म्हणायला गेला, तर आवाज फाटला आणि मध्येच एक ओळ विसरला.

"चाचा, हरण्याला बी आठवंना झालंय का?" हिंदुराव म्हणाला.

"हरण्याला सगळं आठवतंय. मलाच आठवंना."

ऊन वर येत होतं. एकच मोट झाली होती. सारजाबाई खोरं टाकून धावेवर आली. पदर खोचला, गुलब्याच्या समोर उभी राहिली, दोन्ही हात त्याच्या कपाळावर टेकवले आणि पाय मातीत रोवले. हिंदुराव दुसऱ्या बाजूनं लागला. बैलाचा गरम श्वास तिच्या तोंडावर येत होता. वहाणा घसरायला लागल्या तशा तिनं त्या भिरकावून दिल्या आणि अनवाणी जोर लावला.

"नबीभाई, गाणं ऱ्हाऊ द्या! तुमी मोटंवर शिव्या लई देत हुता. त्याच द्या!"

"तुमच्यासमोर?"

"वीस वरीस ऐकल्यात म्या पाटावरनं. द्या!"

नबीसाबानं एकदा आकाशाकडं बघितलं आणि तोंड सोडलं. हरण्याच्या आईपासून सुरू झालेली शिवी त्याच्या पणजोबापर्यंत पोचली. आणि हरण्याचे कान हलले. म्हाताऱ्या बैलानं मान खाली घातली, जू मागं ढकललं आणि तो पावलामागं पाऊल टाकत धाव चढू लागला. जूच मागं निघालं, तेव्हा गुलब्याचा इलाज चालेना. पुढून सारजाबाई ढकलत होती, बाजूनं हिंदुराव. तो फुरफुरत, रागावत, एकदाचा वर आला. खाली विहिरीत बॅरल धपकन पाण्यात पडलं.

मुक्ताबाई पदर तोंडात धरून हसत होती. पण ती शिव्यांना हसत होती की बैलाला, ते तिनं सांगितलं नाही.

त्या सकाळी फार थोडं भिजलं. पण दुसऱ्या सकाळी गुलब्या नुसत्या कपाळावरच्या हातानं मागं आला आणि पुढं तर हरण्याच्या कानाकडं बघून येऊ लागला. ऊन चढलं की हिंदुराव जोडीमागून करकंबला जायचा. पोत्यांनी त्याची पाठ सोलली. पहिल्या दिवशी हॉटेलातले चौघे बघत राहिले, एकानं "इंजिनवाले!" अशी हाक मारली. तो पोतं उतरून वळला आणि म्हणाला, "व्हय. चहा सांगा इंजिनाला. तेल संपलंय." मग त्यांनी चहा सांगितला, आणि पुन्हा कुणी हाक मारली नाही. रात्री मुक्ताबाई त्याच्या पाठीला हळद लावायची. तेल नव्हतं म्हणून पाण्यातच कालवलेली.

पाटाच्या तोंडाचे दोन वाफे त्या रंगीत पाण्यानं पिवळे पडले. बाकीचं रान पिऊन काळंभोर झालं. एकदा सगळं भिजवून झालं, आणि मग पुन्हा पहिल्या वाफ्यापासून. एका सकाळी सारजाबाईनं ओंबी चिमटीत दाबली आणि चीक आलाच नाही. दाणा दातांखाली घातला. तो घट्ट होता. ती बराच वेळ चावत राहिली. मग तिनं धावेकडं वळून हात हलवला.

"नबीभाई, सोडा आता. झालं."

नबीसाबानं जू उतरवलं आणि धावेवर तसाच आडवा झाला, हात पसरून. हिंदुराव त्याच्या शेजारी. दोघांच्या मध्ये हरण्या रवंथ करत उभा. सारजाबाईनं पाटात पाय सोडले. पाणी गार होतं. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बांधावर ठेवावा, तसं तिला हलकं हलकं झालं. तिला वाटलं, आता इथंच झोपावं.

त्यानंतर आठ दिवसांनी पंपावर डिझेल आलं. परमिटावर हिंदुरावला एक डबा मिळाला. तो घेऊन आला तेव्हा डबा खडखडला नाही. त्यानं त्या तेलानं इंजिन खोलून धुतलं, काळा साका काढला, पुन्हा बसवलं, पुन्हा गोणपाट पांघरलं. चालू मात्र केलं नाही.

"चालतंय का न्हाय ते तर बघ," मुक्ताबाई म्हणाली.

"चालंल. अरबांचा रुसवा गेला म्हंजे चालंल. तवर मोट हाय."

"बी मेक्सिकोचं, गेल्या सालचा रेशनचा लाल जोंधळा अमेरिकेचा, तेल आन कुणाचं," ती म्हणाली. "आपलं काय हाय हितं?"

"शिव्या," सारजाबाई ओसरीवरून म्हणाली. "त्या नबीभाईच्या."

सोलापूरचं नाव पुन्हा निघालं नाही. सिद्धनाथ विचारायला आला होता, त्याला गव्हाच्या रानातून फिरवून आणलं आणि जेवू घालून लावून दिलं.

शिमग्याच्या तोंडावर गहू निघाला. लालसर, टपोरा, बुटक्या ताटाचा. खळ्यावर सारजाबाईनं पहिल्यांदा नबीसाबाचा वाटा बाजूला काढला, जोतीराम असताना काढायची तसा, सुपानं. नबीसाब म्हणाला, वाट्याचं ठरलं नव्हतं, हिंदूनं पोती उचललीत. ती म्हणाली, पोती गाडीची होती, मोटेचा हिशोब वेगळा. तो आणखी काही म्हणायच्या आत तिनं पोत्याचं तोंड शिवून टाकलं.

होळीच्या दिवशी पोळ्या करायच्या ठरल्या. स्वतःच्या रानातल्या गव्हाच्या, दोन वर्षांनी. पुरण वाटून झालं, कणीक तिंबायला घेतली, आणि मग मुक्ताबाईच्या ध्यानात आलं की कणकेला लावायला तेलाचा थेंब घरात नाही. दोघी सासू-सुना बुधल्याकडं बघत बसल्या. नुसत्या बघण्यानं तेल जमत असतं तर तो भरून वाहिला असता.

तेवढ्यात दारात अजीजा आली. नबीसाबाची बायको. डोक्यावरून पदर, हातात कागदाचा बोळा घातलेली बाटली. आत पिवळं, स्वच्छ करडईचं तेल.

"घान्यावरनं आत्ताच आनलंय," ती म्हणाली. "त्यांनी धाडलंय. आन एक निरोप हाय."

"काय?"

अजीजानं ओसरीवर बसलेल्या हिंदुरावकडं बघितलं, हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तिला ते जमलं नाही.

"म्हनलेत, बाटली वैनीच्याच हातात दे. त्या पोराला इंजिनाकडं जाऊ देऊ नगा म्हनावं, पोळ्या हुईस्तवर."